एकतीस पाठी

‘तीन,’ हेमांगीताई म्हणाल्या.

त्या पालथ्या झोपल्या होत्या आणि माझा अंगठा त्यांच्या उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेवर होता. खांद्यामागचं ते पसरट, पात्यासारखं हाड. आमच्या कराडकडे त्याला फरा म्हणतात, आणि कॉलेजात साडेचार वर्षं इंग्रजी नाव घोकूनही माझ्या तोंडात तोच शब्द राहिला. फरा आणि पाठीचा कणा यांच्या मधल्या बोटभर जागेत हरभऱ्याएवढी कडक गाठ लागत होती. मी तिच्यावर दाब वाढवला.

‘आणि आता? दहापैकी किती?’

‘तीनच.’

‘ताई, तुमच्या पायांची बोटं वळलीत. तीनला बोटं वळत नाहीत.’

उशीत तोंड खुपसूनच त्या हसल्या. ‘लिहा की हो मॅडम तीन. तुमचं काय जातंय?’

‘माझं काही जात नाही. पण तुम्ही सगळे तीन आणि चार सांगत राहिलात, तर वरचे लोक म्हणतील, यांना झालंय काय? मग खुर्च्या येणार कशा?’

‘खरंच यायच्यात का?’

‘रणदिवे सरांनी स्वतः सांगितलंय मला.’

त्या उठून बसल्या, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. माउसवर हात ठेवला की पंधराव्या मिनिटाला फऱ्याखाली जळायला लागतं, तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं. घरी गेल्यावर सासूबाईंना अंथरुणातून उठवून बसवायचं असतं, तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी येते. मुलीची वेणी घालायचं त्यांनी दिवाळीपासून सोडून दिलं होतं. हात वर धरवत नव्हता. मुलगी दहावीत होती, तिला वाटत होतं आई चिडलीय.

‘मग किती लिहू?’ मी विचारलं.

‘आठ,’ त्या म्हणाल्या. ‘लिहा आठ.’

मी रजिस्टरमधल्या तीनवर काट मारली आणि शेजारी ठळक आठ काढला. मला आठवतंय, मला त्या वेळी बरं वाटलं होतं. एखाद्या रोग्यानं खरं सांगितलं की वाटतं तसं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका पाचमजली इमारतीत चारशे माणसं बसून परदेशी दवाखान्यांची बिलं तपासायची. प्रत्येकापुढं दोन पडदे, एक माउस आणि दिवसाला ठरलेली बिलं. टेबलं उंच, खुर्च्या बुटक्या. निम्म्या खुर्च्यांचा वरखाली होणारा खटका बिघडलेला. लोक कागदांची जुनी बंडलं घेऊन त्यावर बसायचे. सहाशे बिलं झाल्याशिवाय उठायचं नाही असा काही लेखी नियम नव्हता, पण उठलेल्या माणसाकडे सगळा मजला बघायचा.

तिसऱ्या मजल्यावर जिथं आधी स्टेशनरी ठेवत, त्या खोलीत त्यांनी एक पलंग, एक शेकायचं यंत्र आणि मला आणून ठेवलं. दारावर ‘आरोग्य कक्ष’ अशी पाटी लावली. पहिला महिना कुणी फिरकलं नाही. मग अहिरराव नावाचे पन्नाशीचे गृहस्थ मान वाकडी धरून आले, दोन आठवड्यांनी सरळ मानेनं गेले, आणि त्यानंतर रांग लागली. तऱ्हेतऱ्हेची माणसं, पण दुखणं तेच. मला चेहरे उशिरा लक्षात राहायचे. पाठी मात्र लगेच. हेमांगी दुसाने ही पाठ मी अंधारातसुद्धा ओळखली असती: उजवा फरा डाव्यापेक्षा बोटभर वर, आणि त्याची कड पंखासारखी बाहेर आलेली.

मी रजिस्टर मनापासून ठेवायचे. नाव, विभाग, कुठं दुखतं, कधीपासून, दहापैकी किती, सलग किती वेळ बसवतं. हे फक्त माझ्याजवळ राहील, असं मी प्रत्येकाला सांगितलं होतं. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आशुतोष रणदिवे एकदा खोली बघायला आले, उभ्या उभ्या रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, ‘डॉक्टर, हे तर सोनं आहे.’ मी फिजिओथेरपिस्ट असूनही मला ‘डॉक्टर’ म्हणणारे ते त्या इमारतीतले एकटेच. मला ते आवडायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं. मुख्यालयाकडे नव्या खुर्च्यांची मागणी करायची आहे, त्यासाठी रजिस्टरमधली माहिती कॉम्प्युटरवर तक्त्यात हवी.

‘पण सर, मी लोकांना सांगितलंय की हे बाहेर जाणार नाही.’

‘बाहेर कुठं जातंय? माझ्या टेबलावर येतंय. आणि त्यांच्याच पाठीसाठी ना?’ मग जरा पुढं वाकून म्हणाले, ‘आकडे मात्र खरे घ्या हं. आपली माणसं भिडस्त. मरतील, पण दुखतंय म्हणायची नाहीत.’

हे मला इतकं पटलं की पुढचे आठ दिवस मी एकेकाला पुन्हा बोलावून आकडे दुरुस्त करून घेतले. तिनाचे सात झाले, चाराचे आठ. अहिररावांना तर मी रागावलेच. शेवटी त्यांनी नऊ सांगितला आणि डोळे पुसले. एकशे बारा नावं भरून मी तक्ता पाठवला आणि खाली माझं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक घातला.

गुरुवारी दुपारी त्यांनी पुन्हा बोलावलं.

रणदिवे सीताफळ खात होते. बशी नव्हती, छापील कागद पालथा घालून त्यावर खाणं चाललं होतं. गराचा घास तोंडात घ्यायचा, गालात घोळवायचा, आणि ओठांतून एकेक काळी बी कागदाच्या कडेला सोडायची. बियांची नीट रांग लावली होती. कागदावर गराचे ओले डाग पडले होते आणि त्या ओलाव्यातून पलीकडच्या बाजूची अक्षरं उलटी दिसत होती. नावं होती. माझ्याच तक्त्याचं पान होतं ते.

‘बसा डॉक्टर. एवढ्या सह्या करून टाका.’ त्यांनी कोपरानं एक गठ्ठा माझ्याकडे ढकलला, कारण हात चिकट होते.

एकतीस दाखले होते. मजकूर सगळ्यांवर एकच, फक्त नाव वेगळं. अमुक यांना खांदा व पाठीचा दीर्घकालीन विकार असून ते बैठे काम करण्यास असमर्थ आहेत. तो विकार सुधारण्याची शक्यता नाही.

‘सर, हे जरा जास्त होतंय,’ मी म्हणाले. ‘असमर्थ नाहीत हे लोक. दीड-दोन महिने व्यायाम केला, खुर्ची बदलली, की बरे होतील. यातले निम्मे तर सुधारतायत.’

‘मला माहितेय.’

‘मग सुधारण्याची शक्यता नाही असं कसं लिहायचं?’

‘अहो, ही मागणी करायची भाषा असते.’ त्यांनी एक बी सोडली. ‘नुसतं दुखतंय म्हटलं तर मुख्यालय बामच्या बाटल्या पाठवेल. हातपाय गळाल्याचं दाखवलं तर खुर्च्या. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला हे कळायला वेळ लागेल.’

मी पहिल्या कागदावर सही केली. मग दुसऱ्यावर. दहाव्या-बाराव्या सहीनंतर मी नावं वाचणं सोडून दिलं. समोर चोखण्याचा आवाज येत होता. अहिररावांचं नाव दिसलं तेव्हा जरा थबकले, हेमांगीताईंचं दिसलं तेव्हाही, पण हात चालूच होता. एकतीस सह्या व्हायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रणदिव्यांनी हात पुसले, गठ्ठा उचलला, कोपरे जुळवले, खणात ठेवला आणि खण बंद केला. मग खुर्ची माझ्याकडे पाठ होईल अशी फिरवली.

‘जरा बघा ना इथं. आठवडा झाला, काही तरी धरलंय.’

उजव्या हाताचं बोट त्यांनी डाव्या खांद्यावरून मागे नेलं आणि नेमकी तीच जागा दाखवली. मी उठून मागे गेले. शर्टाची कॉलर त्यांनी स्वतःच मागे ओढली. मानेवर पावडर आणि घाम यांचा पांढरा चिखल झाला होता. अंगाला अत्तराचा गोडसर वास, आणि त्यात सीताफळाचा. मी अंगठा फऱ्याच्या कडेला लावला. गाठ होती. तशीच, हरभऱ्याएवढी.

‘आहाहा,’ रणदिवे म्हणाले. ‘तुमच्या हाताला गुण आहे हो.’

सवयीनं मी विचारलं, ‘दहापैकी किती?’

ते खदाखदा हसले. त्यांची पाठ माझ्या अंगठ्याखाली हलली.

‘सातेक असेल. पण माझं लिहू नका हं कुठं.’

‘का?’

‘का म्हणजे? मला नोकरी करायचीय अजून.’

माझा अंगठा थांबला. ते म्हणाले, ‘दाबा, दाबा. बरं वाटतंय.’ आणि मी पुन्हा दाबायला लागले.

त्यांनी काही लपवलं नाही. का लपवतील? सह्या झाल्या होत्या. डोळे मिटून, मान पुढं टाकून ते सांगत होते आणि मी दाबत होते. काम कमी झालंय, माणसं कमी करायची आहेत. पण कपात म्हटली की सरकारला कळवा, युनियनवाले येतील, पेपरात छापून येईल. तब्येतीमुळे माणूस काम करू शकत नाही असं झालं, तर ती कपात धरली जात नाही. कुणाला विचारायला नको. ‘तुमच्या रजिस्टरनं काम इतकं सोपं केलं म्हणून सांगू, आम्हाला निवडावं लागलंच नाही. सातच्या वरचे सगळे. स्वच्छ काम. एका डॉक्टरची सही वर घेऊन टाकतो, म्हणजे झालं.’

त्या डॉक्टरनं पुढं एकाही पाठीकडे न बघता एकतीस सह्या केल्या. पण मी तरी त्याला कुठल्या तोंडानं बोलू?

‘कधी सांगणार त्यांना?’ मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

‘सोमवारी. आठवड्याच्या सुरुवातीला बरं पडतं. तोवर तुमच्या-माझ्यात. तुमची काळजी करू नका, तुमची जागा मी पक्की करून घेतलीय.’

मी आणखी पाचेक मिनिटं दाबत राहिले असेन. नुसती दाबत नव्हते. नीट दाबत होते. गाठीभोवती गोल, मग कडेनं वरून खाली, शिकवलं होतं तसं. गाठ सैल झालेली मला बोटाला कळली. त्यांनी खांदा फिरवून बघितला आणि खूश होऊन म्हणाले, ‘वा!’

मी खाली आले आणि हात धुतले. साबण लावून, पुन्हा, आणि पुन्हा. नखांत त्यांच्या पावडरीचा मळ बसला होता. तो मी टाचणीनं कोरून काढला. वर जाऊन गठ्ठा मागायचा होता. नाही दिला तर प्रत्येक मजल्यावर जाऊन ओरडायचं होतं. मी शेकायच्या यंत्राची वायर गुंडाळली आणि साडेपाचला घरी गेले.

शुक्रवारी हेमांगीताई आल्या. त्यांची वेळ अकराची. त्या नेहमीसारख्या पालथ्या झोपल्या आणि मी नेहमीसारखा हात ठेवला. काल जो हात रणदिव्यांच्या पाठीवर होता, तोच.

‘मॅडम, एक विचारायचंय तुम्हाला,’ त्या उशीतून म्हणाल्या. ‘तुमच्याशिवाय कुणाला विचारू कळत नाही.’

‘बोला ना.’

‘माझ्या मावसबहिणीच्या ओळखीनं द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे. उभं राहायचं काम आहे, जरा चालायचं. पडदा नाही, माउस नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगा म्हणालेत. इथं अकरा वर्षं झाली. हातचं सोडून जायची भीती वाटते. घरात मी एकटीच कमावती. पण पाठीचा विचार केला तर जावंसं वाटतं. तुम्ही काय म्हणता? जाऊ का?’

मी गाठीभोवती अंगठा फिरवत राहिले, तशा त्या पुन्हा म्हणाल्या, ‘तुम्ही सांगाल तसं करते.’

दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघीच. एवढंच म्हणायचं होतं: जा. कारण सांगायचीसुद्धा गरज नव्हती. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा सल्ला तोच असायला हवा होता. उभं राहायचं काम त्यांना खरंच बरं पडलं असतं. पण मी विचार करत होते तो वेगळाच. आज या गेल्या, उद्या यांनी मैत्रिणीला सांगितलं, मॅडम म्हणाल्या जा. परवा रणदिव्यांच्या कानावर गेलं. यादीतली एक बाई दोन दिवस आधीच कशी गेली? कुणी सांगितलं? माझ्या डोळ्यांपुढं माझी जागा दिसत होती. ती खोली, तो पलंग, दारावरची ती पाटी.

‘घाई कशाला करताय?’ मी म्हणाले.

‘असं म्हणता?’

‘विचार करा. खुर्च्या येतायत.’

हे शेवटचं मला बोलायची गरज नव्हती. ते मी का बोलले, हे मला आजही सांगता येत नाही.

‘बरं झालं तुम्हाला विचारलं,’ हेमांगीताई म्हणाल्या. ‘नाही तर मी आजच हो म्हणणार होते.’

सोमवारी साडेदहापासून एकेकाला वर बोलवायला सुरुवात झाली. बाराच्या सुमाराला जिन्यात कुणी तरी मोठ्यानं रडलं आणि मग सगळ्या इमारतीला कळलं. अहिरराव हातात पाकीट धरून माझ्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. ‘मी आधी चारच सांगितलं होतं मॅडम,’ एवढं म्हणाले आणि गेले.

हेमांगीताई सगळ्यांत शेवटी आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या पलंगावर बसल्या आणि माझ्याच पाठीवर हात फिरवायला लागल्या, कारण मी रडत होते.

‘तुम्ही कशाला रडता? तुम्हाला काय माहीत होतं? तुम्ही आमच्या भल्यासाठीच लिहिलंत. तुम्हालाही फसवलं त्यांनी.’

‘त्या हॉस्पिटलचं काय झालं?’

‘शनिवारी नाही म्हणून कळवलं. आज सकाळी फोन केला, तर भरली म्हणे जागा.’ त्यांनी डोळे पुसले. ‘नशीब, दुसरं काय. तुम्हीही म्हणालात, घाई कशाला, आणि मलाही ते पटलंच होतं.’

मी त्यांना जवळ घेतलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि माझी तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. त्यांचा तो विश्वास मला नकोसा झाला होता, आणि तरी मी तो घेत होते.

बुधवारी मी राजीनामा दिला. रणदिव्यांनी रजिस्टर मागितलं. ऑफिसची वस्तू आहे म्हणाले. मी म्हटलं, सापडत नाही. ते डब्याच्या पिशवीत होतं. संध्याकाळी मी ते अहिररावांच्या घरी नेलं आणि त्यांनी मला बोरसे वकिलांकडे नेलं. माझी ही एवढीच बहादुरी. लोकांनी तिचं इतकं कौतुक केलं की मला घराबाहेर पडायची लाज वाटायला लागली. एकतीसही जणांनी मिळून खटला भरला. हेमांगीताई मला दर आठवड्याला फोन करायच्या. संक्रांतीला त्यांनी मला घरी बोलावलं, सासूबाईंच्या पाया पडायला लावलं. ‘या मॅडम आमच्यासाठी नोकरी सोडून आल्या,’ असं त्या सासूबाईंच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या. मुलीनं मला तिळगूळ दिला. मी तो तोंडात न टाकता रुमालात बांधून ठेवला.

माझी साक्ष पुढच्या जुलैत झाली. आदल्या दिवशी बोरसे वकिलांनी मला समोर बसवलं. साठीतला माणूस, मऊ बोलणारा.

‘दाखले खोटे होते, माणसं काम करू शकत होती, हे तुम्ही सांगणार. रजिस्टर आहेच. आता त्यांचा वकील विचारेल, तुम्हाला हे कधी कळलं. पत्रं सोमवारी मिळाली. सगळ्यांना सोमवारीच कळलं. बरोबर?’

मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘मी तुम्हाला काही शिकवत नाही. फक्त एवढंच म्हणतो, त्या खोलीत तुम्ही आणि रणदिवे दोघंच होतात. ते काही आपणहून सांगायचे नाहीत. आणि उलट सांगितलंत, तर तुमच्या नोंदणीवर बाका प्रसंग येईल.’

कामगार न्यायालयाची खोली लहान होती. भिंतीलगतच्या बाकांवर आमची माणसं बसली होती. हेमांगीताई पहिल्या बाकावर, अहिररावांशेजारी. मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला मान हलवून धीर दिला. बोरसे वकिलांचं काम अर्ध्या तासात झालं. एकतीसपैकी एकही माणूस असमर्थ नव्हता, मी नावंसुद्धा न वाचता खोट्या दाखल्यांवर सह्या केल्या आणि तेव्हा त्यामागचा हेतू मला माहीत नव्हता, हे मी सांगितलं. मग कंपनीचा वकील उठला.

‘तुम्ही म्हणता, सही करताना हेतू माहीत नव्हता.’

‘नव्हता.’

‘मग कळला कधी?’

हेमांगीताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा उजवा खांदा वर चढलेला होता.

‘त्याच दिवशी,’ मी म्हणाले. ‘गुरुवारी. सह्या केल्यावर पंधरा मिनिटांनी.’

वकिलानं कागदातून मान वर काढली. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ‘कुणी सांगितलं?’

‘रणदिव्यांनी. मी त्यांची पाठ दाबत होते तेव्हा.’

कुणी तरी हसलं. न्यायाधीशबाईंनी वर बघितलं आणि ते थांबलं.

‘म्हणजे गुरुवारपासून सोमवारपर्यंत तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही कुणाला सांगितलंत?’

‘नाही.’

‘का?’

‘माझी नोकरी जाईल म्हणून.’

‘छान. आणि या मधल्या काळात या एकतिसांपैकी कुणी तुम्हाला भेटलं होतं?’

बोरसे वकील उठायला लागले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

‘हेमांगी दुसाने. शुक्रवारी अकरा वाजता. त्यांना दुसरी नोकरी मिळत होती. जाऊ का, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, घाई कशाला करताय. खुर्च्या येतायत.’

टाइप करणाऱ्या बाईनं विचारलं, ‘काय येतायत?’

‘खुर्च्या,’ मी पुन्हा सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. निकाल सव्वा वर्षानं लागला आणि आमच्या माणसांच्या बाजूनं लागला. रणदिव्यांना कंपनीनं दुसऱ्या शहरात पाठवलं, वरच्या जागेवर. फिजिओथेरपी कौन्सिलनं माझी नोंदणी एक वर्ष स्थगित केली. एकतीसपैकी चौदा जण परत कामावर गेले, त्यांत अहिरराव होते. हेमांगीताई गेल्या नाहीत. मी कराडला परत आले, आता माझा दवाखाना आहे, आणि बाहेर बाकावर रोज पंधरा-वीस माणसं असतात.

पण त्या दिवशी साक्ष संपवून मी बाहेर आले, तेव्हा हेमांगीताई व्हरांड्यात खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाकीचे लांबवर घोळका करून बोलत होते. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. हेमांगीताईंच्या हातात पर्स होती आणि ती त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. दोन्ही खांदे कानांपर्यंत गेलेले. पातळ सुती कुडत्यातून उजव्या फऱ्याची कड सरळ दिसत होती.

‘ताई,’ मी म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. मला फक्त पाठी कळायच्या. माझा हात आपोआप उचलला गेला आणि त्यांच्या खांद्यामागे, त्या जागेवर टेकला.

त्यांचं सगळं अंग आक्रसलं. अंगावर पाल पडल्यावर माणूस झटकून दूर होतो, तशा त्या भिंतीकडे सरकल्या.

‘हात लावू नका,’ त्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. घोळक्यातल्या कुणाला ऐकूही गेला नसेल. मग त्या माझ्या बाजूनं, माझ्या अंगाचा वाराही लागू नये अशा बेतानं, कुडतं आवरून घेत निघून गेल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा डाव्या हातानं धरला होता आणि उजवा हात पोटाशी आवळून घेतला होता. वरून मला त्यांची पाठ शेवटच्या पायरीपर्यंत दिसत होती. त्यांना तिथं किती दुखत होतं, ते मला हात न लावताही कळत होतं.